चहावर बसा

शिवकुमार बिराजदारांनी नवी पेठेत जन्मभर साड्या विकल्या, त्या जिभेच्या जोरावर. त्यामुळे डॉक्टरांनी कुलपाचं चित्र दाखवल्यावर ते "घराचं बटण" म्हणाले, तेव्हा त्यांची बायको सोनाबाई खुदकन हसली. मग हत्तीचं चित्र आलं. शिवकुमार बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "हा माल आपण ठेवत न्हाय."

सोनाबाईचं हसू मावळलं.

डॉक्टर म्हणाले, "मेंदूचा शब्द सांभाळणारा भाग झिजतोय. नावं आधी जातात. कधी कधी मागाहून शिकलेली भाषा जाते, लहानपणीची जास्त टिकते."

लहानपणीची म्हणजे कानडी. शिवकुमार सीमेवरच्या मैंदर्गीचे. सोनाबाई माळशिरसची, कानडीचं तिला वावडं. नणंद गंगव्वा भावाशी कानडीत बोलायला लागली, की सोनाबाई भांडी आपटायची. आपल्याच चुगल्या चालल्यात, अशी तिची खात्री.

दिवाळीनंतर शिवकुमारांची मराठी आटतच गेली. एका दुपारी ते ओरडले, "नीर ता!"

"नीटच हाय की समदं!"

ते आणखी ओरडले. तिनं चष्मा दिला, पंखा लावला, शेवटी वैतागून गंगव्वाला फोन केला आणि त्यांचं ओरडणं ऐकवलं.

"वैनी, पाणी मागतोय त्यो."

सोनाबाईनं घाईनं पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती दिला. नवरा तहानेनं कासावीस, आणि आपण त्याला चष्मा देतोय! "वन्सं, हितं या. मला शिकवा."

गंगव्वा पिशवी घेऊन आली. भाजी निवडताना शिकवणी सुरू झाली. चारेक दिवसांनी सोनाबाईनं नवऱ्यापुढं चहा ठेवला आणि ऐटीत म्हणाली, "चहा कूडरी!"

शिवकुमारांनी कपाकडं पाहिलं. बायकोकडं पाहिलं. मग उठून कपाची रुंदी नीट न्याहाळली.

गंगव्वाला हसू आवरेना. "वैनी, कुडीरी म्हंजी प्या. कूडरी म्हंजी बसा!"

तेवढ्यात शिवकुमारही हसू लागले, कित्येक महिन्यांनी, पोट धरून. गिऱ्हाइकाला पोत समजावावं तसं बोट नाचवत त्यांनी बायकोला म्हणवून घेतलं, "कु-डी-री."

दुसऱ्या दिवशी शब्द पाठ असूनही सोनाबाई मुद्दाम म्हणाली, "चहा कूडरी." त्यांनी पुन्हा शिकवलं. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी ते बहिणीकडं वळून कानडीत पुटपुटले, "ही लई मठ्ठ हाय."

ते सोनाबाईला लख्ख कळलं. ती भांडी आपटायला आत गेली, पण एकही भांडं आपटलं नाही.