आतून लावलेली खिडकी

मी देवासच्या एका बैठ्या घरातली सागवानी खिडकी. माझ्यापाशी बसणाऱ्या एका बाईबद्दल सांगायचं आहे, म्हणून बोलते आहे.

बहात्तर साली धारच्या सुताराने मला घडवलं. तात्या तिथे मास्तर होते. मुलगा मार्तंड देवासच्या कारखान्यात लागला, त्याने घर बांधायला काढलं, तेव्हा निवृत्त तात्या मला सोबत घेऊनच आले. "सून दिवसभर आत असते, तिला वारा हवा," असं त्यांनी गवंड्याला बजावलं. मला केवढा अभिमान वाटला होता.

सून म्हणजे जयवंती. सकाळी माझ्या झडपा उघडून ती तिथेच भाजी निवडायची. "मामंजी, चहा," म्हणत अंगणातल्या तात्यांना माझ्यातूनच कप द्यायची.

मार्तंडला सिगरेटचा नाद. पण वडिलांसमोर ओढायची नाही, ही घरची रीत. संध्याकाळी तात्या अंगणात बसलेले असत. मार्तंड कामावरून आला की खोलीत शिरून म्हणायचा, "खिडकी लाव गं, तात्यांना वास येईल." जयवंती कडी घालायची, वर उदबत्ती लावायची आणि त्याच्याजवळ बसायची. दिवसभरात दोघांना बोलायला तेवढाच वेळ मिळे. धूर माझ्यावर आपटून पुन्हा तिच्याकडे वळायचा. माझा आतला रंग पिवळा पडला. वारा द्यायला केलेली मी, तिला कोंडायच्या कामी आले.

शेजारचे उमाशंकर चिडवायचे, "भाभी, आपके यहाँ रोज धूनी लगती है क्या?" ती हसून मच्छरांवर ढकलायची.

अशी अकरा वर्षं गेली. मग तिचा खोकला थांबेना. इंदूरच्या डॉक्टरांनी फुप्फुसाचा फोटो पाहून विचारलं, घरात सिगरेट कोण ओढतं? तात्या शेजारी उभे होते, म्हणून ती "कोणी नाही" म्हणाली. घरी आल्यावर तिनेच हे मार्तंडला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, आणि त्याही संध्याकाळी मला लावलं.

वर्षाच्या आत ती गेली.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. मार्तंड खोलीत आला. ओठांत सिगरेट धरून त्याने सवयीने माझ्या कडीला हात घातला. अंगणातून तात्या म्हणाले, "राहू दे उघडी. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे."

त्याचा हात कडीवरच राहिला. "मग बोलला का नाहीत? इंदूरलासुद्धा?"

तात्या उठून माझ्यापाशी आले.

"तू माझा मान राखत होतास. बरं वाटायचं."

त्यानंतर मला कोणी लावलेलं नाही. पावसाने माझं लाकूड फुगलं आहे. आता लावू म्हटलं तरी मी लागायची नाही. तुमच्याकडे कुणी मोठ्यांचा मान म्हणून खोली बंद करून धूर काढत असेल, तर त्या खोलीत आणखी कोण बसलं आहे, तेवढं बघा.

मार्तंड हल्ली ओढायला नाक्यावर जातो. नाका इथून चार घरांवर आहे.