उकळलेला द्राक्षरस

आसावरीच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे बंगळूरच्या व्हाइटफील्डमधल्या मराठी ख्रिस्ती मंडळीतल्या लहान लेकरालाही ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या सुचेता रणपिसेला, आणि नेमकं तिनंच आसावरीला विश्वासात घेतलं. नवरा पितो, रोज पितो, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलंय, एवढंच ती बोलली होती. "तुझ्यापाशीच ठेव," असंही म्हणाली होती. आसावरीनं ते तासाभरात मंडळीच्या प्रार्थना-साखळीवर टाकलं. वर 'अत्यंत खासगी' असं लिहिलं आणि खाली हात जोडल्याची तीन चित्रं. व्हॉट्सअॅपच्या त्या ग्रुपवर एकशे चाळीस माणसं होती, त्यातलं एक सुचेताच्या नवऱ्याच्या, अजितच्याच कारखान्यात कामाला. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत अजित कँटीनमध्ये शिरला तेव्हा सगळं टेबल गप्प झालं.

याला आठ महिने झाले. तेव्हापासून जो तो सुचेताला क्षमा शिकवत होता. पाळकबाईंनी शिकवली, आणि ज्यांनी तो निरोप चवीनं वाचून पुढे पाठवला त्यांनीही शिकवली. आसावरी तर तीनदा घरी येऊन "प्रार्थनेसाठीच टाकलं गं" म्हणून गेली. सुचेताचं डोकं फिरायचं. जखम हिची, आणि ती भरली का हे बघायला सगळ्या गावाची रांग. पण मनात अढी ठेवून प्रभुभोजन घ्यायचं नाही, हे ती नगरला लहानपणी शिकली होती आणि तेवढं पाळत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजनाचे कप वाटायची वेळ झाली की ती "ऑफिसचा कॉल आहे" म्हणून बाहेर जाऊन उभी राहायची. पूर्वी त्या कपांतला द्राक्षरस तीच करायची. तेही तिनं सोडून दिलं.

आणि अजित? चार महिन्यांनी केंद्रातून परतला तो उजळलेल्या चेहऱ्यानं. प्रभूनं मला क्षमा केली म्हणाला. आसावरीला स्वतः फोन करून म्हणाला, "ताई, मनात काही ठेवू नका." जगातल्या सगळ्यांशी त्याचा समेट करून झाला. बायकोला मात्र "चुकलं" असं एका शब्दानं म्हणाला नव्हता. तिच्यासमोर तो फक्त भांडी घासायचा. रोज, न सांगता, घासलेलीसुद्धा पुन्हा. याचं सुचेतानं काय करायचं होतं? प्रभूनं केली असेल क्षमा, पण तिला कुणी विचारलं?

केंद्रातून आल्यापासून आज अजित पहिल्यांदाच कप घेणार होता. पाळकसाहेबांनी त्याला एवढे दिवस थांबायला सांगितलं होतं. "शेवटपर्यंत बसशील का?" त्यानं सकाळी विचारलं. "बघू," ती म्हणाली.

मराठी मंडळी दुपारी तीनला भरायची, कन्नड उपासना आटोपल्यावर, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये. सुचेता नेहमीसारखी शेवटच्या रांगेत स्वयंपाकखोलीच्या दाराशी बसली, निसटायला सोपं म्हणून. पाळक सूर्यकांत आढाव उपदेशाला उभे राहिले. तेवढ्यात आतून बाटलीचं टोपण उघडल्याचा आवाज आला. फस्स. पाठोपाठ वास आला. तो वास अकरा वर्षं अजितच्या शर्टांना येत होता.

ती उठून आत गेली. आसावरी चिमुकल्या कपांत रस ओतत होती आणि कपांच्या कडेला फेस जमला होता.

"कधी केलास हा?"

"मंगळवारी," आसावरी दचकून म्हणाली. "द्राक्षं कुस्करून ओट्यावर झाकून ठेवली. चव मुरते म्हणतात."

"उकळला नाहीस?"

"उकळायचा असतो?"

सुचेताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चार महिने केंद्रात घाम गाळून अजितनं जे सोडलं, तेच ही बाई आज त्याच्या ओठांना लावणार होती, तेही प्रभूच्या नावानं. दारापलीकडे साठ माणसं बसली होती. दार उघडायचं आणि म्हणायचं, "भावाबहिणींनो, एक प्रार्थनेचा विषय आहे." बस, तेवढंच. शब्द जिभेवर आलेही होते. ते फार गोड लागत होते, आणि ते तसे लागताहेत हे तिला कळत होतं.

आसावरी रडायला लागली. "मी कशालाच हात लावू नये बघ. आज अजितभाऊंचं वाटोळं झालं असतं. आधीच ते बिचारे म्हणत होते..." आणि तिनं तोंडावर हात ठेवला.

"काय म्हणत होते?"

"नाही. कुणाला सांगू नका म्हणालेत."

"आसावरी."

"म्हणाले, सगळ्यांची माफी मागता येते ताई, सुचेताची नाही येत. ती नाही म्हणाली तर मी जाऊ कुठे? म्हणून भांडी घासत बसतो."

 या बाईच्या पोटात खरोखर काही म्हणजे काही राहत नव्हतं. सुचेताला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्हींचा मनस्वी राग आला. आसावरीवर ती आठ महिने धुमसत होती हे खरं, पण त्यातला निम्मा राग अजितचा होता. पश्चात्ताप केलेल्या नवऱ्यावर मंडळीत रागावता येत नाही. आसावरीवर येतं.

तिनं सगळा रस सिंकमध्ये ओतून दिला.

"डोळे पूस. फाटकाबाहेर फळवाल्या अक्काची गाडी आहे, किलोभर काळी द्राक्षं आण. 'स्वल्प बेग', जरा लवकर, म्हण तिला, नाहीतर गप्पा मारत बसेल. आणि तूही."

आढावसाहेबांचा उपदेश चाळीस मिनिटांच्या आत कधी संपत नसे, आणि त्याबद्दल सुचेतानं आयुष्यात पहिल्यांदा देवाचे आभार मानले. चहाच्या पातेल्यात द्राक्षं उकळली. दोघींनी ती कुस्करली आणि चहाच्याच गाळणीनं गाळली. आसावरीचं बोट भाजलं. सुचेतानं तिचा हात ओढून नळाखाली धरला.

"नीट बघून ठेव. पुढच्या महिन्यात तूच करायचायस."

"मी?"

"उकळून."

बाहेर दोन गीतं जास्तीची म्हणून झाली. शेवटी पाळकसाहेबांनी दारातून डोकावून काय झालं ते विचारलं. आसावरीनं तोंड उघडलं.

"रस सांडला," सुचेता घाईनं म्हणाली. "माझ्या हातून."

मग ती बाहेर आली आणि शेवटची रांग सोडून अजितच्या शेजारी जाऊन बसली. ट्रे फिरत फिरत त्याच्यापाशी आला. त्यानं कप उचलला आणि तसाच धरून राहिला.

"घे," ती हलकेच म्हणाली. "मी केलाय. उकळून."

"सुचेता, माझं..." पुढचं त्याला म्हणता येईना. पुढच्या रांगेतल्या दोन माना वळल्या.

"माफी घरी गेल्यावर नीट माग. मी नाही म्हणणार नाहीये. आता पी, आणि घासलेली भांडी पुन्हा घासणं बंद कर."

अजितनं वळून आसावरीकडे पाहिलं. ती स्वयंपाकखोलीच्या दारात उभी राहून छताकडे बघत होती. त्यानं कप रिकामा केला. आठ महिन्यांनी सुचेतानं आपला कप तोंडाला लावला. रस अजून कोमट होता.