चौदा टक्क्यांचं धान

टेबलावर तीन वस्तू होत्या: धानाच्या नमुन्याची सीलबंद थैली, कराराचा कागद आणि राइस मिलवाल्या भैय्यालालचं ओलावा मोजायचं यंत्र. करारानुसार चौदा टक्क्यांपर्यंत ओलावा चालणार होता. यंत्रानं सतरा दाखवला, म्हणून भैय्यालालनं उषाबाईंच्या बचतगटाचं सगळं धान नाकारलं होतं. कोर्टात जाण्याआधी दोघं साकोलीत मध्यस्थ रश्मी मॅडमकडे आले होते.

मॅडम आधी भैय्यालालशी दार लावून बोलल्या, चांगली वीस मिनिटं. बाहेर बसलेल्या उषाबाईंच्या मनात पाल चुकचुकली. आत जाताच त्यांनी विचारलं, "काय शिजून राहिलं होतं इथं?"

"त्यांचं तुम्हाला सांगणार नाही आणि तुमचं त्यांना. वेगवेगळं बोलायची इथली रीतच आहे."

"मंग माह्यं ऐका. मी दाणा दातानं फोडून पाहिला, कट्टकन मोडला. वल्ला दाणा चेपते. त्याचं यंत्रच खोटं आहे."

मॅडमनी भैय्यालालला आत बोलावून यंत्र सुरू करायला सांगितलं. उषाबाईंनी दातानं दाणा फोडल्याचं त्यालाही सुनावलं.

"बाईचे दात सरकारी आहेत का?" तो हसला.

उषाबाईंनी चष्मा लावला आणि यंत्राच्या पडद्यावरचं बारीक अक्षर वाचलं. "भाऊ, इथं गहू काहून लिहून आहे?"

भैय्यालालचं हसू मावळलं. "मागं गहू मोजला होता. बदलायचं राहून गेलं असन."

"गव्हाच्या मापानं धान मोजलं तर आकडा चुकनच. राहून गेलं का ठेवलं?"

"आता येईल तो आकडा दोघांनाही मान्य?" मॅडमनी विचारलं. दोघांनी माना हलवल्या. उषाबाईंनी स्वतः सील तोडलं, बटण धानावर आणलं आणि मूठभर दाणे यंत्रात ओतले.

आकडा स्थिरावला: तेरा पूर्णांक सहा टक्के.