हाताचा सीन

"बाळा, एक मिनिट. तो हाताचा सीन कसा वाटला तुला?"

थिएटरच्या दारातून बाहेर पडणाऱ्या मुलानं पॉपकॉर्नचा रिकामा डबा कचऱ्याच्या पेटीत टाकला आणि वळून बघितलं. समोर इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले एक सावळे, काटकुळे गृहस्थ उभे होते. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण डोळे शाळेत नव्यानं आलेल्या पोरासारखे.

"कुठल्या हाताचा, काका?"

"शवागारातला तो माणूस नाही का, प्रेताचा हात हातात घेऊन बसतो?"

"बाप रे, तो!" मुलगा लगेच शेजारच्या मुलीकडे वळला. "मी तेव्हाच बोललो होतो ना तुला, हाच खुनी आहे म्हणून?"

"तू पहिल्यापासून सगळ्यांनाच खुनी म्हणत होतास," मुलगी म्हणाली. "वॉचमनला पण म्हणालास."

गृहस्थ हसले. मग जरा आवाज उतरवून त्यांनी विचारलं, "पण समजा, तो खुनी नसता. चांगल्या मनानं करत असता. तर पटलं असतं का तुम्हाला?"

"चांगल्या मनानं?" मुलीनं नाक मुरडलं. "काका, प्रेताचा हात धरून कोण बसतं? सायकोच बसेल ना!"

"बरं बरं. या तुम्ही," गृहस्थ म्हणाले. मुलं सरकत्या जिन्यानं खाली गेली.

सावळीराम पगारे यांचा 'सातवा कप्पा' बघण्याचा हा चौथा दिवस होता. पिक्चर कॉलेज रोडच्या मल्टिप्लेक्सला लागून आठवडा झाला होता. दिग्दर्शक नाशिकचाच, नवखा, त्याचं हे पहिलंच काम. त्यामुळे गावभर चर्चा होती. सगळ्या पिक्चरमध्ये उजेड असा नाहीच. भिजलेले रस्ते, निळ्या-लाल पाट्या, सिगारेटचा धूर आणि एकमेकांवर विश्वास नसलेली माणसं. कुणी म्हणत होतं, मराठीत असं पहिल्यांदाच झालं. कुणी म्हणत होतं, अंधार एवढा की खून कुणाचा झाला तेच दिसलं नाही. सावळीरामांना या वादाशी देणंघेणं नव्हतं. ते फक्त एकाच सीनबद्दल विचारत होते, कारण तो सीन त्यांचा होता.

सरकारी दवाखान्याच्या शवागारात त्यांनी एकतीस वर्षं नोकरी केली. दोन वर्षांपूर्वी आल्हाद नावाचा एक तरुण वही घेऊन त्यांच्या सिडकोतल्या घरी आला होता. सिनेमा लिहितोय म्हणाला. आधी सुऱ्या, जखमा, टाके असलं विचारत राहिला. सावळीरामांनी सगळं नीट, क्रमानं सांगितलं. एखादी गोष्ट समोरच्याला समजेपर्यंत सांगायची, ही त्यांची जुनी खोड. त्यांच्या पत्नी लताबाईंनी दोनदा चहा केला. शेवटी वही मिटता मिटता पोरानं विचारलं, "काका, तुमची स्वतःची म्हणून काही पद्धत होती का कामाची?"

असं त्यांना कुणीच कधी विचारलं नव्हतं. त्यांनी सांगितलं.

नोकरीला लागून दोनेक वर्षं झाली असतील. सुरगाण्याकडची एक बाई मुलाला न्यायला आली. तिनं चेहऱ्यावरची चादर बाजूला केली नाही, आधी चादरीखाली हात घालून मुलाचा हात शोधला. आणि विस्तव लागावा तसा आपला हात मागे घेतला. "लय गार पडलाय वो पोरगा," ती म्हणाली. "एवढा गार का ठेवला त्याला?" मग लोकांनी किती समजावलं तरी तिनं पुन्हा हात लावला नाही. गाडीत बसतानासुद्धा ती मुलापासून वीतभर दूर बसली.

त्या दिवसापासून सावळीराम घरून शेकायची रबरी पिशवी घेऊन जाऊ लागले. शवविच्छेदन झालं, टाके घातले, डॉक्टर हात धुऊन गेले, की नातेवाइकांच्या सह्यांचं काम सुरू व्हायचं. तेवढ्या वेळात ते पिशवीत गरम पाणी भरत आणि मृताचा उजवा हात तिच्यावर ठेवून वरून आपले दोन्ही हात ठेवत. घरचं माणूस आत आलं की त्याच्या हाताला निदान बर्फ लागू नये. एवढंच. यातलं त्यांनी बाहेर कुणाला सांगितलं नाही. लताबाईंना पिशवी कुठं जाते ते माहीत होतं. त्यांनी घरासाठी दुसरी आणली आणि तो विषय तिथंच संपला.

आल्हादनं हे सगळं उतरवून घेतलं होतं. पण त्यानंच केलेल्या या पिक्चरमध्ये हात गरम होत होता तो डॉक्टर यायच्या आधी. डॉक्टरांचा मृत्यूच्या वेळेचा अंदाज चुकावा म्हणून. आणि गरम करणारा स्वतःच खुनी होता.

हे सावळीरामांनी पहिल्या दिवशी बघितलं. पहिला विचार मनात आला तो कारागिराचा. मृत्यूची वेळ काय हातावरून ठरवतात का? दुसरा विचार घरी जाताना बसमध्ये आला, आणि तो काही जाईना. एकतीस वर्षं आपण जे केलं ते लोकांना असंच दिसलं असतं का? ते खरंच वेड्यासारखं होतं का? शेजारच्या सनीनं तर जिन्यातच आरोळी ठोकली होती, "काका, खुनी तुमच्याच डिपार्टमेंटचा निघाला की! आता तुमच्याशी शेकहँड करताना विचार करावा लागेल!" सनी थट्टेखोर, मनात काही नसायचं त्याच्या. पण सावळीरामांनी त्या संध्याकाळी जेवताना आपले तळवे दोनदा उलटसुलट करून बघितले.

मग त्यांनी ठरवलं, विचारून बघू. एक तरी माणूस भेटेल म्हणणारा, की हो, असं कुणी करू शकतं. तीन दिवसांत त्यांनी पन्नासेक जणांना गाठलं. काटा आला, एक नंबर, लॉजिक नाही, किळस आली, तिथंच पिक्चर कळला. मतं भरपूर मिळाली. हवं ते मिळालं नाही.

"पुरे आता," लताबाई सकाळी म्हणाल्या होत्या. "लोकं तुम्हालाच वेडं समजतील."

"आज रविवार आहे. आल्हाद स्वतः येणार आहे, लोकांशी बोलायला. आजच्या दिवस जातो."

"त्याला भांडायला जाताय?"

"छे. विचारायला."

म्हणून ते मघाच्या त्या मुलांना सोडून पुन्हा आत गेले आणि तिसऱ्या रांगेत बसले. पडद्यासमोर दोन खुर्च्या मांडल्या होत्या. आल्हाद जरा वाळलेला दिसत होता. शेजारी स्वरदा नावाची निवेदिका माईक घेऊन उभी होती.

"प्रेक्षकांनी मोकळेपणानं बोलावं," ती म्हणाली. "फक्त थोडक्यात."

वेणीमाधव दीक्षित नावाचे निवृत्त बँक अधिकारी उठले आणि थोडक्यात बोलले नाहीत. त्यांनी चित्रपटसृष्टीच्या आरंभापासून सुरुवात केली, मध्ये स्वतःच्या एका अप्रकाशित एकांकिकेला वळसा घातला आणि शेवटी म्हणाले, "तर, माझा प्रश्न असा नाहीच. माझं हे मत आहे."

लोक हसले. आल्हादही हसला. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली. "मी तेजश्री. मला विचारायचंय, तो हात गरम करायचा सीन तुम्हाला सुचला कसा? इतकं भयानक डोक्यात येतं कुठून?"

आल्हादनं माईक तोंडाशी नेला आणि त्याच वेळी त्याची नजर तिसऱ्या रांगेवर आली. तो थांबला. माईक खाली घेतला, पुन्हा वर नेला.

"ते मला सुचलं नाही," तो म्हणाला. "एका माणसानं सांगितलं होतं. त्यांनी सांगितलं ते भयानक नव्हतं. ते मी केलं."

"म्हणजे?" तेजश्रीनं विचारलं.

पण स्वरदानं घड्याळाकडे बघितलं, पुढच्या खेळाची वेळ होत आली होती. टाळ्या झाल्या. आल्हाद फोटो मागणाऱ्यांतून वाट काढत थेट सावळीरामांपाशी आला आणि वाकला. सावळीरामांनी त्याला वरच्या वर धरलं.

"काका, मी तुम्हाला फोन करणार होतो. रोज करणार होतो."

"अरे, कामं असतात. चल, बाहेर बसू."

लॉबीत भिंतीला लागून एक बाक होता. तिथं दोघं बसले. सावळीरामांनी सरळ विचारलं, जसं एखाद्या विद्यार्थ्याला चुकलेलं गणित विचारावं, "ते डॉक्टर यायच्या आधी का घेतलंस? मी तुला नंतरचं सांगितलं होतं. सह्या चालू असताना."

"तसंच चित्रित केलं होतं, काका. शपथ. अगदी तुम्ही सांगितलं तसं." आल्हाद बोटं मोडत होता. "पिक्चर तयार झाल्यावर आम्ही चाळीस लोकांना बोलावून दाखवला. प्रत्येकाला कागद दिला, मत लिहायला. एकतीस जणांनी त्या सीनसमोर लिहिलं, पटत नाही. काही जण हसलेसुद्धा. निर्माते म्हणाले, एक तर सीन काढ, नाहीतर त्या माणसाला काहीतरी कारण दे. मला काढवेना. म्हणून मी कारण दिलं."

"खुनाचं."

"हो. परत चित्रित केलं. मग सगळ्यांना पटलं."

सावळीरामांच्या डोळ्यांत ते शाळकरी कुतूहल परत आलं.

"आणि बाकीचे नऊ?"

"काय?"

"चाळीसातले एकतीस झाले. नऊ राहिले ना? त्यांनी काय लिहिलं?"

आल्हादला हे कुणी विचारलं नव्हतं. निर्मात्यांनीही नाही, त्यानं स्वतःलाही नाही. त्यानं मोबाइल काढला. कागदांचे फोटो त्यात कुठंतरी होते. बराच वेळ तो बोटानं मागे मागे जात राहिला.

"पाच जणांनी नुसती बरोबरची खूण केलीय. एकानं लिहिलंय, पंख्याचा आवाज फार आहे."

"ते खरं आहे. तिथं पंखा लय वाजायचा." सावळीराम खूश झाले. "पुढं?"

"एकाचं अक्षरच लागत नाहीये. एकजण म्हणतो, सीन चांगला आहे, लहान करा. आणि ही एक बाई..." आल्हादनं फोटो मोठा केला आणि वाचलं, "'माझ्या वडिलांच्या वेळी असं कुणी असतं तर बरं झालं असतं.'"

सावळीरामांनी मोबाइल त्याच्या हातातून घेतला. चष्मा नाकावर नीट बसवून त्यांनी ती ओळ स्वतः वाचली. एकदा, मग अजून एकदा. अक्षर तिरकं, घाईघाईतलं होतं. खाली नाव नव्हतं.

"तो पहिला सीन," ते म्हणाले, "आहे अजून तुझ्याकडं?"

आल्हादनं शोधून लावला. दोघांची डोकी त्या छोट्या पडद्यावर वाकली. शवागार तेच, नट तोच, पण या वेळी बाहेरच्या बाकावर घरची माणसं बसलेली होती आणि आत तो माणूस मृताचा हात रबरी पिशवीवर ठेवून, वर आपले हात ठेवून बसला होता. मग दार उघडलं आणि एक बाई आत आली. सीन संपला.

"छान केलंय त्यानं," सावळीराम म्हणाले. "फक्त फार लवकर झालं. मिनिटभरात हात कुठं गरम होतो? अर्धा तास तरी जातो. हाड गार असतं ना आतून. वरची कातडी गरम होते आणि आपल्याला वाटतं, झालं."

"काका, पडद्यावर अर्धा तास कोण बघेल?"

"बघायला तिथं तरी कोण असायचं?"

आतल्या पडद्यावर पुढच्या खेळाच्या जाहिराती सुरू झाल्या होत्या, त्यांचा आवाज दारापलीकडून येत होता.

"मग तेवढा वेळ तुम्ही काय करायचात, काका?"

सावळीराम जरा संकोचले.

"सांगायचो त्याला," ते म्हणाले. "कोण कोण आलंय ते. आई आलीय तुझी, बाहेर बाकावर बसलीय. चहा दिलाय तिला. मामाची सही तेवढी राहिलीय. झाली की येतीलच आत."