वर कोण आहे?

"लायटर?"

"नाही."

"फोन, घड्याळ, पेन? कानातलं मशीन? ओठांना काही लावलंय? केसांना तेल?"

"केस कुठे उरलेत, पोरी, तेल लावायला?" क्लॅरी म्हणाला.

टॅम्सिन नर्स रोजच्यासारखी हसली आणि त्याच्या सुती कपड्यांवरून हात फिरवू लागली. त्या कपड्यांना खिसेच नव्हते, तरी ती चाचपायची. दाब वाढवलेल्या त्या लोखंडी टाकीत माणसं डोक्याला पारदर्शक टोपरं लावून शुद्ध प्राणवायू घेत बसत, आणि तिथं एक ठिणगीसुद्धा जिवावर बेतली असती. जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे क्लॅरीची बायको मर्ल पर्स छातीशी धरून उभी होती. टॅम्सिन वाकली आणि त्याच्या डाव्या मोज्यापाशी तिचा हात थांबला.

"हे काय?"

मोज्यातून एक चपटी पुडी निघाली. थंडीत हात शेकायला कोळी लोक वापरतात ती. हवा लागली की आपोआप तापते.

टॅम्सिनच्या चेहऱ्यावरचं हसू पार उडालं.

"माझी आहे ती," क्लॅरी घाईनं म्हणाला. "विसरलो काढायला."

"खोटं बोलतोय," मर्ल म्हणाली. "खुब्यांमुळे वाकता कुठे येतं त्याला? मोजे मीच चढवते. मीच ठेवली. टाकीतून वर येताना गारठतो, हात बर्फ होतात त्याचे. मला वाटलं…"

यंत्रापाशी बसणारा वॉन उठून आला. तो ओरडला असता तर मर्लला बरं वाटलं असतं. तो हळूच म्हणाला, "मर्ल, बाहेर ही हात शेकते. आत दाबाखाली किती तापली असती, मलाही सांगता येणार नाही. आणि आत तो एकटा नसतो."

आत मधुमेहानं पायाची जखम चिघळलेली एक बाई होती, आणि रेडिएशननं आतडी पोळलेले एक मास्तर. दोघंही गोल खिडकीतून बाहेर बघत होते. मर्लला त्यांच्याकडे बघवेना. त्या दिवशी टाकी क्लॅरीला न घेताच खाली गेली. बुडी मारल्यासारखा कानावर दाब येतो म्हणून तिथले लोक 'खाली जाणं' असंच म्हणत, आणि दाब उतरवण्याला 'वर येणं'.

होबार्टच्या हॉस्पिटलातून डोव्हरला घरी परत येताना गाडीत ती एक अक्षर बोलली नाही, आणि मर्लनं गप्प बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

आयुष्यभर तिनं एकच काम केलं होतं, नवऱ्याची हवा सांभाळायचं. क्लॅरी समुद्राच्या तळाशी खडकाला चिकटलेले अबलोनचे मोठे शिंपले काढायचा. बोटीवरच्या कॉम्प्रेसरमधून लांब नळीनं त्याला हवा जायची. बाकीच्यांच्या बोटींवर ते काम तगडे गडी करत, क्लॅरीच्या बोटीवर बायको. लोक हसायचे. हसेनात का! उडी मारण्याआधी क्लॅरी रोज विचारायचा, "वर कोण आहे?" ती म्हणायची, "मी आहे." मग तो निर्धास्त पाण्यात जायचा. नळीला तीन हिसके आले की तो वर येतोय हे तिला कळायचं. वर आला की बोटीच्या कडेवरून न बघताच दोन्ही हात पुढे करायचा आणि मर्ल थर्मासमधलं कोमट पाणी त्यावर ओतायची. हात ताळ्यावर आले की पहिला शब्द शिवीचा असायचा.

पुढं क्लॅरीच्या तोंडात कॅन्सर निघाला. रेडिएशननं माणूस वाचला, पण जबड्याचं हाड रक्ताविना सुकत चाललं. किडके दात काढायचे, तर हाड भरून येणार नाही. टाकीतला प्राणवायू घेत राहिलं की हाडात नवी रक्तवाहिनी फुटते, तेवढीच आशा होती. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मध्येच सोडलंत तर जबड्याचा तुकडा काढावा लागेल." म्हणजे जन्मभर पातळ पेज. आणि क्लॅरी तर मटणाचं हाड चोखून पांढरं करणारा माणूस.

दुसऱ्या दिवशी सकाळी मर्ल चहा ओतत म्हणाली, "शेजारचा रॉन नेईल तुला. मी येत नाही."

"का?"

"का म्हणून काय विचारतोस? आयुष्यभर हवा सांभाळली तुझी आणि काल तुला जाळायला निघाले होते. तोंड कसं दाखवू तिथं?"

बाहेर रॉननं हॉर्न वाजवला. क्लॅरी जागचा हलला नाही.

"जा ना! एक दिवस बुडाला तेवढा पुरे."

"मर्ल, मागं एकदा मी कॉम्प्रेसरचं हवा ओढायचं तोंड इंजिनच्या धुराकडे ठेवलं आणि तसाच पाण्यात निघालो होतो. कुणी पाहिलं?"

"मी."

"मग काय केलंस?"

"पट्टा धरून मागं ओढलं. आणि आईवरून शिवी दिली."

"मी दुसऱ्या दिवशी बोटीवर आलो की घरी लाजत बसलो?"

मर्ल किटली पुसत राहिली.

"त्या पोरीनं काल तेच केलं. शिवी तेवढी नाही दिली, शिकलेली आहे." क्लॅरीनं कप खाली ठेवला. मग त्याचा आवाज एकदम बारीक झाला. "त्या टोपऱ्यात जीव घुसमटतो माझा. खिडकीत तुझं थोबाड दिसतं म्हणून बसतो. तू नसलीस तर वर कोण आहे?"

रॉननं पुन्हा हॉर्न वाजवला. मर्लनं ॲप्रन सोडून खुर्चीवर टाकला आणि ओट्यावरचा थर्मास उचलला. बोट गेल्या वर्षीच विकली होती, थर्मास तेवढा राहिला होता.

टॅम्सिननं त्यांना येताना पाहिलं. कालचा विषय तिनं काढला नाही. "आज आधी तुम्ही तपासा," ती मर्लला म्हणाली. "मग मी."

मर्लनं त्याची कॉलर, काखा, मोजे, बोटांच्या बेचक्यासुद्धा तपासल्या.

"लग्नाच्या रात्रीसुद्धा एवढं शोधलं नव्हतंस," क्लॅरी म्हणाला.

"तेव्हाही फारसं सापडलं नसतंच."

वॉन यंत्रामागे खुदकन हसला. टॅम्सिननं मग क्लॅरीला पहिल्यापासून पुन्हा चाचपलं, काही न वगळता. मर्लला ते मनापासून आवडलं. हवा सांभाळणारं माणूस असंच हवं.

दारात क्लॅरी थबकला. मागं न बघताच त्यानं विचारलं, "वर कोण आहे?"

"मी आहे," मर्ल म्हणाली.

दार बंद झालं. ती खिडकीपाशी उभी राहिली. वॉननं खुर्ची दिली, पण ती बसली नाही. बोटीवरही कधी बसली नव्हती.

शेवटी वॉन म्हणाला, "आणतोय वर." दाब उतरला तशी हवा गार होऊन टाकीत धुकं दाटलं. त्यात क्लॅरीचा हात वर गेला आणि टोपऱ्याच्या नळीला त्यानं हलकेच तीन हिसके दिले. मर्लचे डोळे भरून आले आणि तिनं ते पुसलेही नाहीत.

दार उघडलं. क्लॅरी पाय ओढत पिवळ्या पट्ट्यापर्यंत आला आणि न बघताच दोन्ही हात पट्ट्यावरून पुढे केले. मर्लनं थर्मास उघडून कोमट पाणी ओतलं. ते हातांवरून हॉस्पिटलच्या चकचकीत फरशीवर पसरत गेलं. वॉन फडकं घेऊन आला आणि तिचं ओतून होईपर्यंत बाजूला उभा राहिला.