बाहेरचा बाक

"वाचा," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या.

पाणबुड्याने मास्क चढवला, दुकानामागच्या पाण्याच्या पिंपाचा काठ दोन्ही हातांनी धरला आणि तोंड पाण्यात घातलं. तळाशी बाईंनी डोळे तपासायचा तक्ता वर दगड ठेवून सोडला होता. श्वास पुरला तेवढा वेळ तो खाली बघत राहिला, मग वर आला.

"नाही लागत."

"वरची मोठी अक्षरंसुद्धा?"

"काहीतरी आहे, एवढं कळतं."

बाईंनी त्याला तसाच निथळत आत नेलं आणि भिंतीवरच्या तक्त्यासमोर उभं केलं. तोच मास्क, तेच डोळे. त्याने शेवटची ओळ घडाघडा वाचली. बाईंनी मास्क काढून घेतला आणि काचेवरून बाहेरच्या बाजूने अंगठा फिरवला. अंगठा मधोमध उचलला गेला. त्यांनी तो पुन्हा एकदा फिरवून पाहिला.

बाईंच्या कामाला नाव ठेवायला कुणाला जागा सापडत नसे. ही बाई एखाद दिवशी देवालाही नंबर काढून देईल, असं त्यांचा नवरा म्हणायचा. पण जन्म गेला तो चष्म्यांत. म्हणून पाणबुड्याच्या नंबरची मास्कची काचही त्यांनी सवयीने चष्म्यासारखीच घासली होती, बाहेरून फुगीर आणि आतून खोलगट. चष्म्याला दोन्हीकडून हवा असते, तिथे हे चालतं. मास्कच्या बाहेर मात्र पाणी. हवेतून काचेत शिरताना प्रकाश चांगला वळतो, पाण्यातून शिरताना जेमतेम. म्हणजे पाण्यात उतरल्या उतरल्या बाहेरच्या बाजूने निम्म्याहून जास्त काम टाकून दिलं होतं, आणि आतली बाजू एकटीच मनाला येईल तसं ओढत होती. बाहेरून सपाट ठेवून सगळा बाक आत, हवेकडे द्यायचा, एवढी साधी गोष्ट. पण म्हणतात ना, पट्टीचा पोहणाराच बुडतो. ही म्हण मनात आली आणि बाईंनी जीभ चावली.

कारण पाणबुड्याचा धाकटा भाऊ त्या पाण्यात होता. धरणाच्या जलाशयात नाव उलटली, बाकीचे सगळे काठाला लागले, धाकटा तेवढा आला नाही. गेला आठवडाभर पाणबुड्या हाच मास्क घालून त्याला शोधत होता. घरी म्हातारी आई दाराला कडी लावू देत नव्हती. सापडला नाही म्हणजे कुठेतरी लागला असेल कडेला, असं येईल त्याला सांगत होती.

"दादा, चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "शंभर टक्के माझी. बसा इथेच. आज दुसरं काही हातात घेत नाही."

"बरं," तो म्हणाला. दुसऱ्या कुणाच्या घरची गोष्ट चालली असावी तसा.

तो बाकावर बसला. बाईंनी टॉवेल दिला, तो त्याने मांडीवर ठेवला. चहा दिला, त्यावर साय धरली. बाई यंत्रावर नवी काच घासत होत्या आणि मधूनमधून त्याच्याकडे बघत होत्या. कशाला बघता म्हणून ओरडला असता तरी त्यांना बरं वाटलं असतं. तो रस्त्याकडे तोंड करून होता, पण रस्त्यावरून कोण गेलं ते त्याला सांगता आलं नसतं.

उन्हं कलली तेव्हा काच बसवून झाली. पाणबुड्याने पुन्हा पिंपात तोंड घातलं. या वेळी तो लगेच वर आला आणि शेवटची ओळ सरळ म्हणून दाखवली.

"दिसतं," दुकानात परत येत तो म्हणाला.

बाईंना रडू फुटलं. "आठवडा वाया घालवला हो मी तुमचा. आंधळं करून पाण्यात सोडलं."

"पहिल्याच दिवशी कळलं होतं मला, ताई."

"काय?"

"दिसत नाही ते."

"मग तेव्हाच का नाही आलात?"

त्याने मास्कचा पट्टा सैल केला, परत आवळला.

"धरणातून पाणी सोडतात त्या खालच्या जाळीपाशी काहीतरी पांढरं होतं," तो म्हणाला. "पोतं असेल. धाकट्याचा सदरा पण पांढराच."

"जवळ नाही गेलात?"

"नाही. वर येऊन शोधकामावरच्या साहेबांना सांगितलं, नीट दिसत नाही. खोटं नव्हतं ना ते. रोज तेच सांगितलं. आज साहेबच म्हणाले, जा, मास्क दाखवून ये."

मागच्या नळातून पिंपात थेंब पडत होते. बाईंनी जाऊन नळ घट्ट केला, तरी ते पडतच राहिले. त्या परत आल्या तेव्हा पाणबुड्या मास्क टॉवेलात गुंडाळत होता, दोन्ही कडा नीट आत मुडपून.

"उद्या सकाळी उतरतो," तो म्हणाला. "तुम्ही तेवढा वेळ आईजवळ येऊन बसाल?"

"बसेन. काय सांगू त्यांना?"

"काही नका सांगू." तो दाराशी थांबला. "मी यायच्या आत तिला पोटभर खाऊ घाला."