अष्टमीचा कूलर

भुपेंद्रच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिसला की ओमेश्वरीच्या डोक्यात तिडीक उठायची. त्या घरात एकही वस्तू सरळ चालायची नाही हो! फ्रीज उघडायचा तर हाताला फडकं गुंडाळून उघडा. मिक्सर लावायचा तर भांडं कोपरानं दाबून धरा, सोडलं की चटणी भिंतीवर. इस्त्रीचं बटन फिरवायचं तर लाकडी उलथन्यानं. पाहुणा आला की आधी पाणी द्यायच्या ऐवजी त्याला हे सगळे नियम सांगायची पाळी यायची, आणि सांगताना ओमेश्वरीला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि गावात नवऱ्याचं नाव केवढं! मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलेला हा कारागीर. दिवसभर शेती पाहायचा, आणि संध्याकाळी ओसरीवर आळीतल्या बायांचे मिक्सर, पंखे, टेबललॅम्प मांडून बसायचा. "भुपेंद्रभाऊ, पाहा ना जरा," म्हटलं की याची छाती फुगली. एखादी वस्तू चालू झाली की सगळ्यांसमोर बटन दाबून दाखवायचा. दोन दिवसांनी ती पुन्हा बंद पडली तर, "कंपनीचाच माल खराब आहे."

त्या उन्हाळ्यात घरच्या कूलरची मोटार जळली. पत्र्याचा जुना कूलर, सासऱ्यांच्या वेळचा. भुपेंद्रनं सडक अर्जुनीच्या बाजारातून नवी मोटार आणली आणि स्वतःच बसवली. बोर्डाला दोनच भोकं आणि प्लगला तीन पिना, म्हणून तिसरी, अर्थिंगची पिन पकडीनं तोडून टाकली. "ते शोभेची राह्यते," म्हणाला. कूलर गारेगार वारा देऊ लागला, आणि त्याच दिवसापासून पत्र्याला हात लावला की मुंग्या यायला लागल्या.

"करंट येऊन राहिला याले," ओमेश्वरी म्हणाली.

"थोडासा येते. चप्पल घालून पाणी टाकत जा. टेन्शन नोको घेऊ."

"टिकाराम मिस्त्रीले बोलवा ना एकदा. तासाभराचं काम."

हे ऐकल्याबरोबर भुपेंद्रचं तोंड उतरलं. "माह्या घरी मिस्त्री? सारा गाव माह्याकडे वस्तू घेऊन येते, अन् माह्या घरी मिस्त्री येईन? लोकं हासतीन मले!"

"हासू द्या! लोकाईच्या हासण्यासाठी आमी मरू का?"

"तू ना, लयच बोलतेस," म्हणून तो उठून गेला. बोलणं संपलं. घराला आणखी एक नियम मिळाला. कूलरजवळ जायचं तर पायात चप्पल.

चैत्र लागला. सासूबाई शांतीबाई दरवर्षी जवारे बसवायच्या. आतल्या खोलीत टोपल्यांत माती भरून गहू पेरायचे, शेजारी अखंड ज्योत, आणि नवरात्रभर अनवाणी राहायचं. शेतात जायचं असलं तरी अनवाणी, डांबर पोळत असलं तरी अनवाणी. ज्या खोलीत जवारे बसले तिथं तर कोणाचीच चप्पल जायची नाही. हे सगळ्या गावाला माहीत, भुपेंद्रला तर जन्मापासून माहीत. आणि तरी त्या शहाण्यानं अष्टमीच्या सकाळी कूलर ढकलत ढकलत नेऊन त्याच खोलीत ठेवला! का, तर दुपारी बाया देवीची गाणी म्हणायला येणार, त्यांना गरम व्हायला नको.

ओमेश्वरी दारात आडवी उभी राहिली.

"इथं चप्पल चालत नाही, अन् तुमच्या कूलरले चप्पल पाहिजे. मंग पाणी कसा टाकायचा? उडून टाकू का?"

"खाली गोणपाटाचा बोरा टाकला ना मी. दिसत नाही?"

"बोरा! पाण्यानं भिजून चिखल होईन त्या बोऱ्याचा! अक्कल गहाण ठेवली का तुमी? आईच्या पायात काही नाही!"

"पाणी मीच टाकीन. कोणीच हात नोको लावजा, बस!" भुपेंद्र खेकसला. शांतीबाई तिथंच ज्योतीत तेल घालत होत्या. त्या म्हणाल्या, "राहू दे वं ओमेश्वरी. सणाच्या दिवशी भांडण नोको." लेकाची बाजू, दुसरं काय! ओमेश्वरी पाय आपटत स्वयंपाकघरात गेली.

दुपारी काय झालं? देवळातला भोंगा बंद पडला. बोलावणं आलं, आणि कारागीर पकड, टेस्टर घेऊन निघाला. कूलरचं पाणी गेलं खड्ड्यात! जाताना 'मी येतपर्यंत बंद ठेवा' एवढंसुद्धा त्याच्या तोंडून निघालं नाही.

ओमेश्वरी प्रसादाच्या पुऱ्या तळत होती. आत ढोलक रंगात आली होती, झांजा वाजत होत्या. आळीतल्या साऱ्या बाया घाम पुसत गात होत्या. मध्येच गाणं चढलं, टाळ्या वाढल्या, आणि "जय हो! जय हो!" असा गलका उठला. ओमेश्वरीला त्यात नवल वाटलं नाही. अष्टमीला कोणाच्या ना कोणाच्या अंगात देवी यायचीच. मग बाया तिच्या पायावर हळदीचं पाणी घालायच्या, पाया पडायच्या, लेकराबाळांचं विचारायच्या. तिनं पुरी उलटली. तेवढ्यात शेजारच्या पुष्पाबाईचा आवाज आला.

"शांतीबाईले देवी आली वं माय! शांतीबाईले!"

ओमेश्वरीच्या हातातला झारा कढईत पडला. सासूबाईंच्या अंगात? जन्मभर जवारे बसवले, पण शांतीबाईंच्या अंगात कधी काही आलं नव्हतं. 'माह्या अंगात काही येत जात नाही, मी आपली कोरडी भक्तीण,' असं त्या स्वतःच हसून सांगायच्या. ओमेश्वरी गॅस तसाच सोडून धावली.

कूलर कोरडा पडला होता. बायांना घाम फुटलेला पाहून शांतीबाईंनी बादली उचलली होती. आता बादली आडवी पडली होती, बोरा पाण्यानं भिजला होता, आणि त्या बोऱ्यावर अनवाणी उभ्या शांतीबाईंचा उजवा हात पत्र्याच्या कडेला चिकटला होता. सारं अंग थडथड हलत होतं. दातखिळी बसली होती. डोळे वर गेले होते. घशातून नुसता घुर्र घुर्र आवाज येत होता. आणि बाया? बाया हात जोडून गात होत्या! ढोलक आणखी जोरात वाजत होती. पुष्पाबाई तर हळदीच्या पाण्याचा लोटा शांतीबाईंच्या पायावर ओतत होती.

"सरका! अवं सरका रांडाहो, करंट लागला तिले!"

कोणाला ऐकू जाणार? ओमेश्वरीनं बायांना ढकलत बोर्ड गाठला आणि बटन बंद केलं. कूलरचा पंखा थांबला. शांतीबाई थांबल्या नाहीत. तशाच हलत होत्या. बोर्डावरचं बटनही नको त्या तारेवर जोडलं होतं हो त्या कारागिरानं! पंखा बंद, पण पत्र्यातला करंट चालूच! ओमेश्वरीनं वायर मुठीत धरली आणि सारा जोर लावून हिसडा दिला. प्लग भिंतीतून सुटून तिच्या गुडघ्यावर आपटला. शांतीबाई जमिनीवर कोसळल्या.

गाणं थांबलं. मग पुष्पाबाई उसळली, "काय केला वं तू हे? देवी आली होती, अन् तू धक्के मारून राहिली?"

"देवी? कूलरनं धरलं होतं तिले!"

"कूलर काय म्हणतेस! माह्याही पायात झिनझिन आली ना पाणी ओतताना! देवीची शक्तीच होती ते!"

ओमेश्वरीला वाटलं, या बाईच्या डोक्यात तोच लोटा हाणावा. पण सासूबाई श्वास घेत होत्या की नाही हे पाहायचं होतं. तिनं छातीला कान लावला. श्वास चालू होता. तिनं त्यांना कोरड्या जागेवर ओढलं, तळवे चोळले, नाव घेऊन हाका मारल्या. उजव्या तळहातावर पांढरा भाजल्याचा पट्टा उमटला होता. "ऑटो बोलवा कोणी! दवाखान्यात न्यायचं आहे!" ती ओरडली, तेव्हा कुठं दोघीजणी बाहेर पळाल्या.

त्यांनी वाटेत काय सांगितलं कोण जाणे, भुपेंद्र धावत आला. दारात थबकला. ओला बोरा, आडवी बादली, आईचा तळहात, जमिनीवर पडलेला दोन पिनांचा प्लग, सारं त्यानं पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याला कळलं. ओमेश्वरीनं त्याच्या डोळ्यात ते कळणं स्पष्ट पाहिलं.

"भुपेंद्रभाऊ, भाग्य तुमचं!" पुष्पाबाई पुढं झाली. "साक्षात देवी आली होती आईच्या अंगात. साऱ्याईनं पाहिला."

भुपेंद्रनं तिच्याकडे पाहिलं. मग प्लगकडे. मग ज्योतीकडे. आणि त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग परत आला. बुडणाऱ्याला ओंडका सापडावा तसं झालं त्याला.

"देवीच असन," तो म्हणाला. "अष्टमी आहे ना आज. देवीच असन."

"थू तुमच्या तोंडावर!" ओमेश्वरी किंचाळली. प्लग उचलून तिनं त्याच्या छातीवर फेकून मारला. "हे घ्या तुमची देवी! दोन पिनांची! मायले मारून राहिले होते तुमी, अन् वरून पाप देवीवर ढकलता? लाज नाही वाटत? मिस्त्री आला तर लोकं हासतीन म्हणे! आता हासवा लोकाईले!"

भुपेंद्र पुढं आला. तो वाकला आणि आईच्या पायांशी बसला. बाकीच्या बायांसारखेच दोन्ही हात तिच्या पावलांवर ठेवले, कपाळ टेकलं. "आई," म्हणाला, "सांग ना यायले. देवी आली होती ना?"

शांतीबाईंनी डोळे उघडले. ओठ हलले, आवाज फुटला नाही. ओमेश्वरीनं त्यांना घोटभर पाणी पाजलं. साऱ्या बाया कान देऊन उभ्या राहिल्या, पुष्पाबाईनं तर पदर डोक्यावर घेतला. एक हो म्हटलं असतं तर त्या दिवसापासून गाव शांतीबाईंच्या पाया पडलं असतं, आणि लेकाचं नावही राहिलं असतं.

शांतीबाईंनी लेकाच्या हातांखालून आपले पाय ओढून घेतले.

"पाया नोको पडू," त्या म्हणाल्या. "देवी नव्हती. मी मरून राहिली होती बापा. तुलेच हाका मारून राहिली होती, अन् तोंडातून आवाज निघत नव्हता."